सोमवार, रिसोत्तो आणि होणारे व्याही

पत्र डिचोलीहून आलंय. चार पानं, निळ्या शाईत, अक्षर वळणदार. सगळं छापणं शक्य नाही, तेव्हा मुद्द्याचं तेवढं देते.

"मुलगा सात वर्षं मुंबईत नोकरीला आहे. तिथल्याच एका मुलीशी त्याने जमवलंय. मुलगी गोड आहे, गेल्या चवथीला घरी आली तेव्हा गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला स्टुलावर चढली. आता तिच्या आईवडिलांची आणि आमची पहिली भेट ठरलीय. त्यांनी आम्हाला मुंबईतल्या एका मोठ्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये रात्रीच्या जेवणाला बोलावलंय. वार नेमका सोमवार. मी सोमवारी मासळी, मटण, अंडं काही खात नाही. आमचे हे सोमवार पाळत नाहीत, पण 'तिथे जाऊन मला स्वतःची थट्टा करून घ्यायची नाही, त्यापेक्षा दादरला एखाद्या खानावळीत भेटू' असं म्हणून बसलेत. हे निवृत्त शिक्षक आहेत, हायस्कूलला इतिहास शिकवायचे. मुलगा म्हणतो, 'आई, युट्यूबवर बघून काट्या-सुरीची प्रॅक्टिस कर, आणि बाबांना सांग, वेटरला मोठ्याने हाक मारू नका.' जागा बदला म्हणून सांगावं का? बिल कुणी द्यायचं? मी काय खाऊ?"

ताई, जागा बदलायला सांगू नका. बोलावणं त्यांचं, तर जागाही त्यांची. उद्या तुम्ही त्यांना डिचोलीला बोलावलंत आणि त्यांनी निरोप धाडला की 'पातोळ्या नकोत, केक चालेल', तर तुम्हाला कसं वाटेल? शिवाय दादरच्या खानावळीबद्दल माझ्या मनात कितीही माया असली तरी ती जागा सोयरीक बोलायची नव्हे. तिथे तुम्ही सोलकढीचा दुसरा घोट घेता तोवर पुढचं गिऱ्हाईक तुमच्या खुर्चीमागे येऊन उभं राहिलेलं असतं. या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये टेबल दोन-तीन तासांसाठी तुमचं असतं आणि कुणी उठवत नाही. व्याह्यांनी तेवढाच विचार केला असेल. लगेच त्यात श्रीमंतीचा दिमाख शोधू नका.

आता मुलाचं. चार पानांत त्याचं ते वाक्य तुम्ही एकदाच लिहिलंय, पण त्याच्या खाली रेघ मारलीय, तीही दोनदा. मला दिसली. हा परिच्छेद त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. बाबा, आईला प्रॅक्टिस करायला सांगणं सोपं आहे. तुझं काम वेगळं आहे आणि ते तू केलेलं दिसत नाही. त्या रेस्टॉरंटला फोन करून आईचा सोमवार सांगितलास का? होणाऱ्या सासूबाईंच्या कानावर घातलंस का? मेनू त्यांच्या वेबसाइटवर असतो. तो काढून, आईबरोबर फोनवर बसून, 'हे म्हणजे हे' असं समजावलंस का? तीस-पस्तीस वर्षं वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवलेला माणूस हळू बोलत नाही, हे मुलीच्या घरच्यांना आज ना उद्या कळणारच आहे. पहिल्याच दिवशी कळलं तर बरं.

तुमचा सोमवार हा मात्र खरोखर नीट बघायचा विषय आहे, कारण इटालियन जेवणात अंडं-मासळी दिसत नाही अशा जागी लपलेली असते. वर हिरवं पान बघून फसू नका.

पास्त्यापासून धरा. सुका पास्ता, म्हणजे दुकानात पाकिटात मिळतो तो, निव्वळ रवा आणि पाणी. ड्युरम नावाच्या कडक गव्हाचा रवा. तो तुम्हाला निर्धास्त चालेल. पण मोठ्या रेस्टॉरंटला 'आमच्याकडे हाताने केलेला ताजा पास्ता' याची फार मिजास असते, आणि उत्तर इटलीच्या पद्धतीचा ताजा पास्ता अंड्यात मळतात. ताग्लियातेल्लेच्या पट्ट्या, रॅव्हिओलीची पुरणाची पाकिटं, लझान्याचे थर, सगळ्यांत बहुधा अंडं. दक्षिणेकडची रीत निराळी. पुलिया प्रांतात ओरेक्किएत्ते करतात, नावाचा अर्थच 'छोटे कान'. अंगठ्याने दाबून केलेल्या वाट्या, फक्त रवा आणि पाण्याच्या. मेनूवर ते दिसले तर आधी त्यांचीच चौकशी करा.

सॉसमध्ये अँचोव्ही घालतात. हा खारवलेला इवलासा मासा गरम तेलात विरघळून जातो, डोळ्यांना दिसत नाही. पुत्तानेस्का सॉसमध्ये तो असतो, सीझर सॅलडवर ओततात त्या पांढऱ्या रसातही असतो. रिसोत्तो म्हणजे भातच, पण तो पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात आणि सुरुवातीला त्यात पांढरी वाइन घालतात. वाइन चालते का ते तुमचं तुम्ही ठरवा, पाण्याचं मात्र विचाराच. वर किसतात ते पार्मेजान चीज अस्सल इटालियन असेल तर ते वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं. भारतात होणारी बहुतेक चीजं सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटची असतात, ती चालतात. तेव्हा 'कुठलं घालता' एवढं विचारलं की झालं. गोडात पान्ना कोत्ता जिलेटीनने, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या चिकाने, घट्ट करतात आणि तिरामिसूत अंडं असतं, तेही रीतीप्रमाणे कच्चं. सॉर्बे घ्या. फळाचा रस, पाणी, साखर, बहुधा बाकी काही नाही.

हे सगळं तिथे बसून, नव्या विहीणबाईंच्या समोर, वेटरला विचारत बसायचं नाही. मुलाने दोन दिवस आधी फोन करून सांगायचं: एका पानाला अंडं, मासळी, मांस, जिलेटीन नको, पाणी भाजीचं हवं, चीज वासराच्या रेनेटचं नको. बस. लाजण्यासारखं त्यात काही नाही. मुंबईतल्या स्वयंपाकघरांना कांदा-लसूण-बटाट्याशिवायचं जैन जेवण रोज करून द्यावं लागतं. त्यांच्यापुढे तुमचा सोमवार म्हणजे किरकोळ.

पोटभर आणि बिनघोर काय, तर बुर्राता. ही हल्ली मुंबईच्या प्रत्येक इटालियन टेबलावर असते. मोझ्झारेल्लाची पातळ पिशवी करून आत साय आणि चीजचे तंतू भरतात, वर गाठ मारतात. पांढरीशुभ्र, टपोरी, पाण्यातून नुकती काढल्यासारखी. कळी न पाडलेला मोदकच जसा. सुरी लावली की आतलं सगळं बशीभर पसरतं. बाजूला टोमॅटो, तुळशीच्या कुळातली बेसिलची पानं. (चीजचा तोच प्रश्न इथेही विचारून ठेवायला सांगा.) एक बुर्राता दोघांत सहज होते. विहीणबाईंना म्हणा, 'आपण दोघी वाटून घेऊया का?' एका बशीतून दोघी खायला लागलात की बोलणं आपोआप सुरू होईल.

मिनेस्त्रोने म्हणून सूप असतं, भाज्या, कडधान्य, कधी त्यात थोडा पास्ता. आपल्या खतखत्याची सौम्य मावसबहीण. त्यांच्याकडे तिरफळं नाहीत, हे त्यांचं दुर्दैव.

रिसोत्तोबद्दल मात्र सावध करते, कारण तिथे मी स्वतः आपटलेय. लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आमच्या ह्यांच्या साहेबांनी मुंबईत अशाच एका ठिकाणी नेलं होतं. मी भात म्हणून रिसोत्तो मागवला. पहिला घास घेतला तर दाण्याच्या मधोमध कण लागला. मनात आलं, हें शिजूंक ना. मी वेटरला बोलावून शांतपणे सांगितलं, 'कच्चा राहिलाय, परत शिजवून आणा.' तो काही बोलला नाही, घेऊन गेला. दहा मिनिटांनी बशी परत आली तेव्हा आत खळ होती. पोस्टर चिकटवता आलं असतं. साहेबांच्या बायकोने माझ्याकडे बघून इतकं गोड हसून घेतलं की ते हसू मला अजून आठवतं. मी शेवटच्या चमच्यापर्यंत ती खळ खाल्ली.

मागाहून कळलं की तो दाणा तसाच असायला हवा होता. आर्बोरियो किंवा कार्नारोली हे आखूड, जाड दाण्याचे तांदूळ. गरम पाणी एकेक डाव घालत सतत ढवळायचं, साधारण अठरा मिनिटं. बाहेरचं पीठ सुटून सगळं सायीसारखं मिळून येतं आणि दाण्याचा गाभा दाताखाली लागतो. पास्त्याचंही तेच, त्याला ते 'अल देन्ते' म्हणतात. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही खरं तर. उकड्या तांदळाच्या पेजेत दाणा अख्खा राहतो, विरघळला तर आपणच नाक मुरडतो. तेव्हा दाताखाली कण लागला तर परत पाठवू नका. आवडला नाही तर बाजूला सारा.

आता तुमचे 'हे'. इतिहासाच्या मास्तरांना थट्टेची भीती वाटते, तर त्यांना त्यांच्याच विषयाची पुडी देऊन न्या. टोमॅटो हा मुळात इटलीचा नव्हेच. तो अमेरिकेतून सोळाव्या शतकात युरोपात आला आणि इटालियन लोक बराच काळ त्याला बिचकत होते. टोमॅटोच्या सॉसची तिथली पहिली छापील कृती निघाली नेपल्समध्ये, १६९० नंतर, आणि तीही 'स्पॅनिश पद्धतीची' म्हणून. इकडे त्याच सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर मिरची गोव्यात उतरली. म्हणजे त्यांचा लाल सॉस आणि आपलं लाल हुमण, दोघांचाही रंग समुद्रापलीकडून आलेला. व्याही गप्प बसले तर मास्तरांनी हे काढावं, अर्धा तास सहज निघेल. तो अर्धा तास पाऊण तास होऊ नये एवढं तुम्ही टेबलाखालून बघा.

मासळीच्या बाबतीत तर ते तिथल्या कुणाहूनही जाणकार निघतील. 'वोंगोले' असं लिहिलं असेल ते तिसऱ्यांच्या जातीचं. स्पागेत्ती वोंगोले म्हणजे लसूण, तेल, थोडी वाइन आणि शिंपल्यांसकट तिसऱ्या. 'कालामारी' म्हणजे माणक्या. 'कोझ्झे' दिसलं तर ते शिनाणे. 'सी बास' कधी परदेशातून आलेला असतो, कधी आपली चोणकच निघते. विचारायला हरकत नाही, उलट असा प्रश्न आला की वेटरही नीट उभा राहतो. एक सांगून ठेवा: मासा बिनमसाल्याचा येणार. मीठ, लिंबू, ऑलिव्हचं तेल, कुठलीशी पानं. 'मीठ-मिरची विसरले वाटतं' हा विनोद त्यांना सुचणारच, तो त्यांनी घरी येऊन करावा. आणि मासळीच्या पास्त्यावर चीज मागू नये, इटालियन माणूस ते घालत नाही. आपण तरी बांगड्याच्या हुमणावर लोणी घालतो का?

मेनूत ट्रफल नावाची महाग गोष्ट असेल. जमिनीखाली उगवणारी बुरशी, पावसाळ्यात वारुळावर येणाऱ्या आपल्या अळम्यांची दूरची, गर्विष्ठ नातलग. खरी ट्रफल टेबलावर येऊन किसतात. 'ट्रफल ऑइल' लिहिलं असेल तर त्याचा वास बहुतेक वेळा कारखान्यातला असतो. त्याला भुलू नका.

मास्तरांच्या हाकेचं. हात किंचित वर केला, नजरेला नजर दिली की वेटर येतो. नाही आला तर मारू दे हाक, आकाश कोसळत नाही. अशा हॉटेलांत आणि बोटींवर गोंयकार पिढ्यान् पिढ्या राबलेत. धोबीतलावच्या गावोगावच्या कुडी, म्हणजे एकेका गावच्या लोकांची वसतिगृहं, त्यांनीच भरलेल्या असायच्या. हल्ली वाढणारी पोरं ईशान्येकडची, उत्तराखंडची जास्त दिसतात, पण एखादा साश्टीचा किंवा बारदेशचा निघतोच. 'खंयचो रे तूं?' विचारून बघा. पुढचं जेवण कसं सरबराईने होतं ते मला कळवा.

काट्या-सुरीचं थोडक्यात. शेजारच्या ख्रिस्ती घरात गार्फ, फाक, कुलेर हे शब्द तुम्ही लहानपणापासून ऐकलेत, ती तीच हत्यारं. बाहेरच्या बाजूची आधी उचलायची, पदार्थागणिक आत यायचं. संपलं की दोन्ही बशीत शेजारी शेजारी ठेवायची, म्हणजे उचलून नेतात. स्पागेत्ती मागवूच नका, ती गुंडाळता गुंडाळता बोलायचं राहून जातं. पेन्ने, रिगातोनी, ते छोटे कान, असलं आखूड काहीतरी घ्या, नुसत्या काट्याने होतं. (मास्तरांना तिसऱ्याच हव्या असतील तर गुंडाळू दे त्यांना.) पाव हातानेच खायचा असतो. आणि शेवटी बशीतला सॉस पावाच्या तुकड्याने पुसून घ्यायला इटालियन भाषेत खास शब्द आहे, 'स्कार्पेत्ता', छोटा जोडा. आपण उंड्याने करतो तेच. फार कडक शिस्तीच्या टेबलावर करत नाहीत म्हणतात, पण जिभेवर प्रेम असलेले सगळे करतात. ऑलिव्हमध्ये आठोळी असते, एवढं ध्यानात ठेवा. दात सांभाळा.

भीती मोडायची असेल तर युट्यूब नको. म्हापशाच्या पुढे आसगाव, हणजूण, मोरजीकडे बरीच इटालियन ठिकाणं आहेत, काही तर इटालियन माणसांनीच घातलेली. पावसात बरीच बंद असतात, तेवढं बघून एखाद्या दुपारी दोघंच जा. एक पास्ता, एक पाव, एक सूप. तिथे कुणी व्याही नाही की सून नाही. काय सांडायचं ते तिथे सांडा.

बिलाचं उत्तर सोपं आहे: ज्याने बोलावलं तो देतो. अशा ठिकाणी माणशी तीन-चार हजार सहज होतात, पंचतारांकित हॉटेलात त्याहून वर. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी लागतो, मोठ्या हॉटेलातल्याला बहुधा १८, दारूचा कर वेगळा. मास्तरांनी पाकिटाला एकदा हात घालावा, व्याह्यांनी 'छे छे' म्हणावं, मग हात बाहेर यावा. आपल्याकडे बिलाची ओढाताण कॅश काउंटरपर्यंत जाते, तसं तिथे नको. 'पुढची पंगत डिचोलीला' एवढं तुम्ही म्हणा आणि तारीखही तिथेच सुचवा.

आणि बिलात 'सर्व्हिस चार्ज' दिसला तर मास्तरांना आवरा. त्यांच्यासारखा माणूस वर्तमानपत्रं वाचतो, त्यांना ठाऊक असणार की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं, हॉटेलांनी तो परस्पर लावायचा नाही; आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते उचलून धरलं. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण बिल त्यांचं नाही. स्वतःच्या बिलाच्या वेळी खुशाल भांडावं, मीही भांडते.

किरकोळ गोष्टी. रात्रीच्या गाडीने थिवीहून निघून त्याच संध्याकाळी जेवायला जाऊ नका, एक दिवस आधी पोचा. मुंबईची मंडळी नऊशिवाय बसत नाहीत, म्हणून पाच वाजता चहाबरोबर काहीतरी खाऊन घ्या, नाहीतर आधी येणाऱ्या पावावरच पोट भरेल. पाणी कुठलं विचारलं तर 'साधं' म्हणा, बाटलीचे वेगळे पैसे पडतात. साडी नेसा, मास्तरांना पूर्ण पँट आणि बूट. एसी कडक असतो, शाल घ्या. काजूगर आणि भिंड्याची (कोकमाची) सोलं न्यायची असतील तर कापडी पिशवीत, आणि ती निघताना हातात द्यायची, टेबलावर मांडायची नाहीत. ओटी त्यांच्या घरी जाल तेव्हा भरा.

जेवणानंतर मास्तरांना कुणी 'ग्राप्पा' घेता का विचारलं तर तो द्राक्षांच्या चोथ्याची दारू असते, फेणीइतकीच जहाल. एक पेला. त्या दिवशी एकच.

आणि दोघांनीही वाचायचा चष्मा विसरू नका. दिवे इतके मंद ठेवतात की माझ्या शेजारच्या टेबलावरचे एक शहाणे गृहस्थ मोबाइलची बॅटरी लावून मेनू वाचत होते. तिथे उजेड पडल्याबरोबर आजूबाजूच्या तीन टेबलांनी आपापले मोबाइल बाहेर काढले.